खोक्यातले नवे बूट: साठवणुकीत तळवा गेलेल्या सेफ्टी शूजचे एक प्रकरण

हे प्रकरण कोकणपट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यातले आहे. कारखान्याची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्या वेळी सुरक्षा विभागाची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे खाली ज्या चुका दिसतील त्यातल्या काही माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

कारखान्यात कायम कामगार दोनशेच्या आसपास, शिवाय कंत्राटी. कायम कामगाराला वर्षाला सेफ्टी शूजचे दोन जोड मिळत. युनियनशी झालेल्या करारातच तसे कलम होते. ऑफिसातल्या लोकांना, म्हणजे लेखा, एचआर, पर्चेस वगैरेंना, एकदाच एक जोड. तो फाटला तर दुसरा. साहजिकच ऑफिसातल्यांचा जोड फाटायचा नाही. टेबलाखाली किंवा स्टीलच्या कपाटात पडून राहायचा आणि प्लांटमध्ये जायची वेळ आली की तेवढ्यापुरता पायात चढायचा.

बूट नेहमीचेच होते: काळे चामडे, पुढे स्टीलची टो-कॅप आणि डबल डेन्सिटी पीयू सोल, म्हणजे पॉलियुरेथेनचा दोन थरांचा तळवा. आतला थर फोमसारखा हलका, जमिनीला लागणारा घट्ट. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या भाग २ चा शिक्का होता. टो-कॅप २०० जूलचा आघात सोसते आणि १५ किलोन्यूटन दाब सहन करते, हे मी दर इंडक्शनला सांगत असे. तळव्याबद्दल मात्र 'घसरत नाही, तेल लागले तरी चालते' याच्या पुढे मी कधी गेलो नव्हतो.

खरेदी वर्षातून एकदा, मार्चमध्ये. बजेट संपवायचे असते आणि एकगठ्ठा मागणीला भावही बरा मिळतो. माल स्टोअरच्या मेझनाइनवर, म्हणजे छताखालच्या अर्ध्या मजल्यावर, चढवला जाई. वर सिमेंटचे पत्रे, एप्रिल-मेमध्ये तिथे दोन मिनिटे उभे राहवत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दमट हवा. खोक्यांना बुरशी धरू नये म्हणून आमचे स्टोअरकीपर प्रत्येक थप्पीला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून चिकटपट्टी लावत. माणूस अतिशय काटेकोर; बिन कार्डावर, म्हणजे साठ्याच्या नोंदीच्या कार्डावर, कधी एका जोडाचाही फरक सापडला नाही.

काय घडले

३१ मार्चची दुपार. वर्षअखेरचे स्टॉक व्हेरिफिकेशन चालू होते. फर्नेस ऑइलच्या टाकीचा डिप घेताना, म्हणजे आतल्या तेलाची पातळी मोजताना, लेखा विभागाचा माणूस हजर लागतो, म्हणून एक लेखाधिकारी टँक फार्मवर आले. त्यांना मिळालेला जोड चार वर्षांपूर्वीचा होता. वर्षातून एकदा याच कामाला आणि एकदा सुरक्षा सप्ताहाच्या फेरीला, एवढाच त्याचा वापर. पॉलिश कायम, नाडीची टोकेसुद्धा शाबूत.

वर जाताना काही झाले नाही. उतरताना उजव्या टाचेखाली काहीतरी चिकटल्यासारखे वाटले, असे त्यांनी नंतर सांगितले. पुढच्या पायरीवर टाच टेकली ती थेट खाली गेली. तळव्याचा मागचा अर्धा भाग वरच्या पायरीच्या जाळीत तसाच अडकून राहिला होता. ते तीन पायऱ्या घसरले. दोन्ही हातांनी रेलिंग धरलेले होते म्हणून घोटा मुरगळण्यावर भागले.

मी पोहोचलो तेव्हा ते खाली कठड्यावर बसले होते. मी बूट हातात घेतला. वरून नवाकोरा. खालच्या बाजूला अंगठा लावला तर ओल्या केकमध्ये जावा तसा आत गेला, आणि काढताना बोटाला काळा चिकट चुरा लागून आला. डाव्या पायाचा तळवा अजून जागेवर होता, पण पुढून वाकवताच चवड्याच्या रेषेत आरपार तडकला.

संध्याकाळी ऑफिसच्या व्हरांड्यात आणखी एक गोष्ट कळली. हाउसकीपिंगच्या मावशी म्हणाल्या, "लेखाच्या खोलीत आठवडाभर काळं काळं पडतंय हो. मला वाटलं उंदीर झालेत. मी पिंजरा मागितला होता." पिंजऱ्याची मागणी रजिस्टरमध्ये होती, सही-तारखेसकट. म्हणजे टेबलाखाली पडल्यापडल्याच तळवा गळायला लागला होता आणि त्याची लेखी नोंदसुद्धा आमच्याकडे होती, फक्त उंदरांच्या खात्यावर.

पहिले निदान, आणि ते का फसले

रसायन कारखान्यात काहीही विरघळले की पहिला संशय रसायनावर. कुठे सॉल्व्हंट सांडले असेल, त्यात पाय पडला असेल, असे प्रॉडक्शनचे मत पडले. पण हे गृहस्थ त्या दिवशी ऑफिसातून थेट टाकीवर आले होते, आणि गळती तर आठवडाभर आधीपासून होती.

दुसरा संशय मालावर. पर्चेसने पुरवठादाराला कडक पत्र धाडले: निकृष्ट माल, बदलून द्या. उत्तर दोन ओळींचे आले: उत्पादनाची तारीख तपासा आणि खोक्यातले माहितीपत्रक वाचा.

माहितीपत्रक प्रत्येक खोक्यात होते. बारीक टायपातले, चार घड्यांचे. आमच्यापैकी कोणीही ते उलगडलेले नव्हते. त्यात लिहिले होते की बूट कोरड्या, हवेशीर, थंड जागी ठेवावेत आणि पीयू तळव्याचे बूट उत्पादनापासून तीन वर्षांच्या आत वापरावेत. उत्पादनाची तारीख जिभेच्या लेबलवर होती. ती पाहिल्यावर आणखी एक धक्का बसला. बूट आमच्याकडे आले तेव्हाच सव्वा वर्षाचे होते. आम्ही वय मोजत होतो जीआरएनपासून, म्हणजे माल गेटात आल्याच्या दिवसापासून. तळवा वय मोजत होता साच्यातून निघाल्यापासून. चार वर्षांचा वाटणारा जोड सव्वापाच वर्षांचा होता.

तळव्याचे नेमके काय होते

सेफ्टी शूजच्या तळव्याला वापरले जाणारे पीयू बहुतेक वेळा पॉलिएस्टर जातीचे असते. ते झिजेला आणि तेलाला चांगले टिकते, म्हणूनच ते निवडतात. पण त्याच्या रेणूंच्या साखळीतले एस्टरचे दुवे पाण्याने तुटतात. हे हायड्रोलिसिस. त्यासाठी बूट पाण्यात भिजायला लागत नाहीत, हवेतली वाफ पुरते. उष्णता असेल तर वेग वाढतो. आणि दुवा तुटताना आम्ल तयार होते, ते पुढचे दुवे तोडायला मदत करते. म्हणून पहिली काही वर्षे काहीच दिसत नाही आणि नंतर थोड्या काळात सगळे ढासळते. आधी चिकटपणा, मग भेगा, मग चुरा.

यात दिवस-रात्र बूट वापरणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. त्याचा तळवा वर्षभरात झिजून जातो, हायड्रोलिसिसची पाळीच येत नाही. शिवाय चालताना तळवा दबतो-सुटतो, त्यामुळे आतली ओल बाहेर पडायला मदत होते, असे उत्पादक सांगतात. पडून असलेल्या बुटाला यातले काहीच मिळत नाही. आमच्या मेझनाइनने तर त्याला ऊन, पावसाळा आणि वरून प्लॅस्टिकचे पांघरूण असे सगळेच दिले. स्टोअरकीपरांचा तो कागद ओल बाहेर ठेवण्यासाठी होता. पावसाळ्यात गुंडाळलेली ओल त्याने आतच कोंडली.

पीयूची दुसरी जात, पॉलिईथर, पाण्यापुढे बरीच टिकते. नायट्राइल रबराला तर हा आजारच नाही. हे पुढे निवडीच्या वेळी कामाला आले.

मोजणी

दुसऱ्या दिवशी मेझनाइन रिकामे केले. ११८ जोड निघाले, त्यातले ४१ तीन वर्षांपुढचे. मापे बघितली तर पाच, दहा, अकरा, बारा. सात-आठची मापे हातोहात जातात. टोकाची मापे उरतात, पुढच्या मार्चला 'प्रत्येक मापाचे किमान अमुक' या नियमाने त्यात नवी भर पडते, आणि नवे खोके जुन्यांच्या पुढे रचले जाते. कागदावर आमची पद्धत 'आधी आलेले आधी द्या' अशीच होती. ती माप सात आणि आठपुरती खरी होती.

पण मला झोप न येण्याचे कारण मेझनाइन नव्हते. आपत्कालीन पथकाच्या काचेच्या कपाटात बारा जोड होते. कपाटाला सील. दरमहा चेकलिस्ट भरली जाई: 'शूज – १२ जोड – ओके', खाली माझी सही. सील तोडून पाहिले. दोन जोडांचे तळवे शेल्फच्या रंगाला चिकटून बसले होते. बूट उचलला तर तळवा खालीच राहिला. इतर तीन जोड अंगठ्याने दबत होते. त्याच कपाटातले पीव्हीसीचे गमबूट ठणठणीत. चेकलिस्ट खोटी नव्हती. जोड बाराच होते.

सॉल्व्हंटच्या भागात तळवा जाणे म्हणजे नुसती घसरण नाही. अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडून ठिणगी टाळणाऱ्या अँटिस्टॅटिक बुटाचा विद्युतरोध १०० किलोओम ते १००० मेगाओम या पट्ट्यात राहावा लागतो, आणि तो मार्ग तळव्यातूनच जातो. तळवा गेला की पायात उरते ते चामडे आणि आतला पातळ बोर्ड. टो-कॅप मात्र २०० जूल सोसायला शेवटपर्यंत हजर.

समोर असलेले पर्याय

बैठक चांगली दीड तास चालली. प्लांट हेड, स्टोअर, पर्चेस, लेखा, युनियनचे दोन प्रतिनिधी आणि मी.

लेखा विभागाचा पहिला प्रश्न रास्त होता: तीन वर्षांची मर्यादा कायद्यात आहे का? कायद्यात बुटाचे वय लिहिलेले नाही. ती उत्पादकाची सूचना आहे. पण कामगाराच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असणाऱ्यावर, टाकणारे कारखाने अधिनियमाचे कलम ७अ तेव्हा लागू होते, आणि 'उत्पादक नको म्हणत होता तरी दिले' हे कोणत्या तोंडाने सांगणार, एवढे प्लांट हेडना पुरले.

एक सूचना अशी आली की एकेक जोड तपासून चांगले ठेवावेत. तळवा वाकवा, नखाने दाबा, ठीक असेल तर द्या. स्वस्त आणि दिसायला शास्त्रशुद्ध. दुसरी, चामडे उत्तम आहे तर गावातल्या चांभाराकडून रबरी तळवा लावून घ्यावा. कल्पना मला आवडली होती, पण प्रमाणपत्र सबंध बुटाला असते. तळवा बदलला की ते उरत नाही, आणि बाहेरच्या डिंकावर चिकटवलेला तळवा टाकीच्या पायरीवर किती टिकेल हे कोण सांगणार? तिसरी सूचना वेल्फेअरकडून: शेजारच्या गावातल्या मजुरांना देऊन टाकू, पुण्यही लागेल. यावर युनियनचे एक प्रतिनिधी शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या पायात नको ते त्यांच्या पायात कशाला?" तो विषय तिथेच संपला.

आणि शेवटचा पर्याय, तीन वर्षांपुढचे सगळे राईट-ऑफ करणे, म्हणजे बाद करून तोटा सोसणे. त्यासोबतच खरेदीची पद्धत आणि तळव्याचा प्रकार बदलणे.

काय केले

तीन वर्षांपुढचे ४१ जोड आणि कपाटातले बाराच्या बारा बाद केले. भंगारात देण्याआधी प्रत्येक बुटाचे चामडे कापले. हे मी आग्रहाने करवून घेतले, कारण भंगारातून निघालेले बूट आठवडी बाजारात 'कंपनीचा माल' म्हणून विकले जाताना मी स्वतः पाहिले आहेत, आणि आमचेच कंत्राटी कामगार तिथून घेतात.

इथे माझी चूक झाली. तीन वर्षांच्या उंबरठ्यावरचे नऊ जोड होते. दोन-तीन महिने उरलेले. ते मी नखाच्या तपासणीवर पास केले आणि रोज वापर असलेल्या शिकाऊ मुलांना दिले. हिशेब असा, की वापरले जातील तोवर टिकतील. पहिल्या तीन आठवड्यांत दोन जोड गेले. एकाचा तळवा कॅन्टीनच्या रांगेत सुटला. मुले हसली, मी नाही हसलो. नखाला बाहेरचा घट्ट थर कळतो, आतल्या हलक्या फोमचे काय झाले ते कळत नाही. बाकीचे सात परत घेतले.

मग वापरानुसार दोन गट केले. रोज घालणाऱ्यांना पीयूच, कारण ते हलके असते आणि आठ-आठ तास चालणाऱ्याला पायातले वजन फार जाणवते. क्वचित घालणाऱ्यांना, म्हणजे ऑफिस, गेटवरचे पाहुण्यांचे जोड आणि आपत्कालीन कपाट यांना, नायट्राइल रबराचा तळवा. जड असतो, पण वर्षातून चार तासांसाठी कोण तक्रार करतो?

यातही एक खड्डा होता. पुरवठादाराने आणलेला पहिला नमुना 'रबर सोल' म्हणूनच दाखवला. स्टोअरकीपरांनी तो आडवा धरून कडेने बघितला आणि विचारले, "मध्ये हा फिकट थर कसला?" तो पीयूचा होता. जमिनीला लागणारा थर रबराचा, मधला पीयूचा. असा बूट जुना झाला की रबर शाबूत राहते आणि मधला थर चुरून सबंध तळवा चपलेसारखा गळून पडतो. आम्ही मागणीपत्रात मग 'तळव्याच्या कोणत्याही थरात पीयू नको' असे स्पष्ट लिहिले.

खरेदी वर्षातून एकदाऐवजी तिमाही केली. दर वर्षाचाच ठरलेला, माल चार हप्त्यांत. गेटात घेतानाच अट: उत्पादनाची तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर माल परत. खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरात 'या तारखेनंतर देऊ नये' लिहायचे. बूट मेझनाइनवरून खाली, हवेशीर खोलीत आणले, प्लॅस्टिक काढून टाकले. टोकाच्या मापांचा साठा ठेवणेच बंद केले, लागेल तेव्हा मागवायचे.

सर्वांत जास्त वादावादी झाली ती फिरत्या साठ्यावरून. रबरी बूट येईपर्यंत आपत्कालीन कपाटात नवे पीयू बूट ठेवावे लागणार होते. ते पडून सडण्यापेक्षा ठरावीक काळाने काढून रोजच्या वापराला द्यावेत आणि जागी ताजे ठेवावेत, असा माझा प्रस्ताव. युनियन बिथरली: "म्हणजे आम्हाला कपाटातले जुने?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते, शिकाऊ मुलांचे प्रकरण ताजेच होते. शेवटी ठरले की उत्पादनापासून दीड वर्षाच्या आतलाच जोड असा फिरवायचा, आणि देताना लेबलवरची तारीख कामगाराला दाखवून त्याची सही घ्यायची. सहीपेक्षा तारीख दाखवण्याने काम झाले.

परिणाम

पुढच्या दोन वर्षांत तळवा सुटण्याची घटना प्लांटमध्ये झाली नाही. बाद केलेल्या मालाचा तोटा एकदाच बसला; तिमाही खरेदीने भाव किंचित वाढला आणि पर्चेसने तो प्रत्येक बैठकीत माझ्या नावावर मांडला. मासिक चेकलिस्टमधला 'ओके'चा रकाना काढून तिथे 'सर्वांत जुन्या जोडाची उत्पादन तारीख' असा रकाना टाकला. तो भरायला बूट हातात घ्यावाच लागतो. लेखाधिकाऱ्यांनी नवा रबरी जोड घेतला, आणि ३१ मार्चला टाकीकडे निघताना ते आता आधी ऑफिसच्या जिन्यावर दोनदा चढून-उतरून बघतात.

आज करायचे झाले तर

घटनेआधी माहितीपत्रक वाचले असते तर, हे म्हणायला सोपे आहे. मला जास्त बोचते ते उंदराच्या पिंजऱ्याचे. मावशींना काहीतरी दिसले होते, त्यांनी सांगितले होते, आणि आमच्या व्यवस्थेत त्याला एकच दार होते: पेस्ट कंट्रोल. आज मी इंडक्शनमध्ये खराब तळव्याचा चुरा काचेच्या बरणीत ठेवून फिरवतो. हाउसकीपिंगच्या इंडक्शनमध्ये सगळ्यात आधी.

नखाची तपासणी मी पुन्हा वापरणार नाही. ती बूट बाद करायला ठीक आहे, पास करायला नाही. आणि पुरवठादाराला पत्र जाण्याआधी लेबल वाचायला सांगेन, तेवढीच शोभा कमी होईल.

एक भाग मात्र अजून सुटलेला नाही. वर्षाला दोन जोड मिळणारे बरेच कामगार एकच वापरतात. दुसरा घरी जातो. मेंटेनन्समधल्या एका फिटरने चौकशीनंतर आपल्या पोटमाळ्यावरून तीन जोड आणून माझ्या टेबलावर ठेवले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मुलगा आयटीआयला आहे, अप्रेंटिस म्हणून लागला की त्याला होतील, म्हणून साठवलेले. मी पहिल्याच्या तळव्यावर अंगठा ठेवला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितले आणि बाकीचे दोन न दाखवताच परत गुंडाळायला घेतले. ते मी ठेवून घेतले आणि मुलाच्या मापाचा नवा जोड इंडेंटवर, म्हणजे स्टोअरच्या मागणीपत्रावर, घातला, नियमात बसत नसताना. 'जुना जमा करा, नवा घ्या' हे कलम करारात यावे म्हणून पुढच्या वाटाघाटीत मुद्दा ठेवला आहे. युनियनला तो जोड कमी करण्याचा डाव वाटतो. बोलणी चालू आहेत.